ऑफिसातलं भांडण: ओम्बड्समनकडे न्यावं की सरळ कागद लढवावा?

सोनटक्का (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दिल्लीत असते. संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातल्या एका संस्थेत नऊ वर्षं नोकरी, नॅशनल स्टाफ. संस्थेचं नाव सांगणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. करार फिक्स्ड टर्म, दरवर्षी वाढतो. म्हणजे वाढत होता. दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले आणि आमचं पहिल्या महिन्यापासून जमलं नाही. आधीच्या सात अप्रेझलमध्ये एकदाही वाईट शेरा नाही, यंदा मात्र 'अपेक्षा अंशतः पूर्ण'. आणि ४३ दिवसांपूर्वी पत्र आलं, की मुदत संपल्यावर करार वाढवला जाणार नाही. कारण: कामाची गुणवत्ता.

एचआरमधली बाई मनाने चांगली आहे. ती म्हणाली, 'आधी अनौपचारिकपणे बघू, मी साहेबांशी बोलते, लेखी काही करून वातावरण बिघडवू नकोस.' तेव्हापासून 'बोलणं चालू आहे'.

एक वकील मित्र तर म्हणाला, 'केस होत नाही.' आमच्याकडे ओम्बड्समन नावाची, ऑफिसातले तंटे खाजगीत ऐकून घेणारी सोय आहे म्हणे. पोस्टर रोज लिफ्टपाशी बघते, पण तिकडे गेलेलं माणूस अजून पाहिलं नाही. कुणी गेलंय का? काही होतं का, की उगाच नाव खराब होतं? ऑफिसात आम्ही चौदा जण. कोण कुठल्या खोलीत गेलं हे चहाच्या आत सगळ्यांना कळतं.

झंपूशेठ

युनोतही अप्रेझल असतं? मला वाटलं तिथे फक्त ठराव होतात आणि कुणीतरी व्हेटो मारतं.

(हलके घ्या ताई. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

पाटलाचा_पोर

एवढं काय घाबरायचं? नऊ वर्षं नोकरी झालीय. सरळ लेबर कोर्टात खेचा. नोटीस गेली की साहेब दुसऱ्या दिवशी चहा विचारतो का नाही बघा.

जिनिव्हाकर

पाटील, खेचता येत नाही. संयुक्त राष्ट्रांना १९४६ च्या करारानं न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिलंय, आणि आपण त्यासाठी १९४७ मध्येच स्वतंत्र कायदा केला. नोटीस पाठवाल, ती परराष्ट्र मंत्रालयामार्फत फिरून सन्मानाने परत येईल.

म्हणूनच तर या संस्थांना घरातल्या घरात न्यायव्यवस्था ठेवावी लागते. १९५४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला देताना साधारण असं म्हटलं होतं, की जगाला न्यायाच्या गोष्टी सांगणाऱ्या संस्थेनं स्वतःच्या नोकरांना दादच मागू न देणं तिच्या सनदेशी जुळत नाही.

सोनटक्काताई, ओम्बड्समनचं सावकाश बोलू. आधी एक सांगा. पत्राला ४३ दिवस झाले, तर मॅनेजमेंट इव्हॅल्युएशनचा, म्हणजे संस्थेनं आपला निर्णय पुन्हा तपासावा असा, अर्ज दिलात का?

सोनटक्का

नाही काका. एचआर म्हणाली, बोलणं चालू आहे तोवर घड्याळ थांबलेलं असतं.

जिनिव्हाकर

थांबलेलं नाही! हे आज रात्री झोपण्याआधी वाचा.

निर्णय हातात पडल्यापासून ६० दिवसांत मॅनेजमेंट इव्हॅल्युएशनचा अर्ज जायला हवा. कॅलेंडरचे दिवस, म्हणजे रविवार धरून, दिवाळी धरून. तुमच्याकडे १७ उरलेत. ही मुदत हुकली तर पुढे ट्रायब्युनलही (संस्थेचं घरातलं न्यायालय) काही करू शकत नाही, कारण त्याच्याच घटनेत लिहिलंय की ही मुदत माफ करायचा अधिकार त्याला नाही. साहेबांनी तोच निर्णय पुन्हा नव्या ईमेलने कळवला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, हेही निकालांमधून पक्कं झालेलं आहे.

मुदत वाढते ती एकाच वाटेने: ओम्बड्समनच्या कार्यालयातर्फे तडजोडीचे प्रयत्न चालू असले आणि त्यासाठी मुदतवाढ दिली गेली तर. तीही लेखी हवी. एचआरच्या बाईंनी साहेबांना कॉरिडॉरमध्ये गाठणं म्हणजे 'अनौपचारिक मार्ग' नव्हे. ते नुसतं बोलणं.

बाई वाईट नसतीलही. पण त्या संस्थेचा पगार घेतात, आणि घड्याळ तुमचं आहे.

मनिलाची_मीरा

काकांना +१०००. मी एका विकास बँकेत आहे (आयडीवरून गाव कळलंच असेल). आमचं ट्रायब्युनल वेगळं, १९९१ पासूनचं, आणि मुदतीही वेगळ्या. जागतिक बँकेचं १९८० पासूनचं, नाणेनिधीचं आणखी वेगळं. त्यामुळे सगळ्यांनीच: माझ्या मैत्रिणीनं असं केलं होतं, हे वाक्य डोक्यातून काढा. आधी स्वतःच्या संस्थेचे नियम वाचा.

आता मूळ प्रश्न. मी ओम्बड्सकडे गेले होते. साल सांगत नाही. वरिष्ठ बाई मीटिंगमध्ये माझं वाक्य कधीच पुरं होऊ द्यायच्या नाहीत. ऐकायला फुसकं वाटतं, पण दोन वर्षं रोज झालं की माणूस बोलायचंच सोडतं.

पहिल्या भेटीत त्या गृहस्थांनी वही उघडली, सगळं उतरवून घेतलं आणि शेवटी ते पान माझ्यासमोर फाडून श्रेडरमध्ये घातलं. मी अवाक्. मग म्हणाले, आता सांगा, हे प्रकरण मिटलं तर सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं झालेलं असेल? मला उत्तर देता येईना. न्याय हवा होता, पण सोमवारी सकाळी न्याय कसा दिसतो? दुसऱ्या भेटीला उत्तर घेऊन गेले: मीटिंगच्या विषयपत्रिकेत माझ्या नावाने दहा मिनिटं हवीत. मिळाली. बाई अजूनही बोलतात, पण दहा मिनिटांनंतर.

खवट_मिरची

छान. म्हणजे दोन वर्षांच्या अपमानाची किंमत दहा मिनिटं.

मला या 'अनौपचारिक' प्रकाराची चीड आहे, स्पष्टच बोलते. सगळं गोपनीय. म्हणजे काय, तर त्याच साहेबाने आधी तिघांना असंच घालवलेलं असतं आणि चौथीला त्याचा पत्ता नसतो. निकाल जाहीर होतो, त्याचा दाखला पुढच्याला देता येतो. तडजोडीचा दाखला कुणाला देणार? शिवाय एका बाजूला करार संपत आलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला तिचं अप्रेझल लिहिणारा माणूस. दोघं गोल टेबलाशी बसले म्हणून समान होतात का?

मनिलाची_मीरा

खवट, दाखल्याचा मुद्दा मान्य. पण तेव्हा निकाल लागेपर्यंत मी तिथे टिकले नसते. माझी किंमत मी ठरवली, तू नको ठरवूस.

वर्‍हाडी_ठेचा

खवटताईचं खरं हाय. आमच्या गावाले तंटामुक्तीचं बक्षीस भेटलं होतं. मोहीम लय चांगली, २००७ ची, कोर्टात न जाता गावातच मिटवा म्हणून. पण बक्षिसाची गोडी लागली अन् मंग समितीवाले भांडण लिहूनच घेईनात. बांध कोरला? लिहू नका. भावानं भावाले मारलं? घरातली गोष्ट. गाव तंटामुक्त, अन् रात्री लोकं काठ्या घेऊन बांधावर. युनोतही असंच बक्षीस असन काय?

झंपूशेठ

ठेचाभाऊ, तंटामुक्त सुरक्षा परिषद! पहिलं बक्षीस कुणालाच नाही.

कागदी_घोडा

बाय द वे, ओम्बड्समन म्हणजे लोकपालच ना? मग तो आदेश का देत नाही? माझ्या बँकेने चुकीचे पैसे कापले होते तेव्हा बँकिंग लोकपालानं परत करायला लावले होते.

जिनिव्हाकर

घोडोबा, नाव एक, जातकुळी दोन. शब्द स्वीडनचा, १८०९ पासूनचा. आपल्याकडे 'लोकपाल' शब्द १९६३ च्या सुमारास लक्ष्मीमल्ल सिंघवींनी घडवला, आणि लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्रात १९७१ चा. हे सगळे, आणि तुमचा बँकवालाही, बाहेरच्यांच्या तक्रारी घेणारे: चौकशी करतात, ठपका ठेवतात, बँकवाला तर आदेशही देतो.

संस्थेच्या पोटातला ओम्बड्समन यातलं काहीच करत नाही. चौकशी नाही, निकाल नाही, नावानिशी नोंद नाही, साक्षीला बोलावता येत नाही. त्याला सांगितलं म्हणजे संस्थेला कळवलं असंही धरत नाहीत. स्वतंत्र, तटस्थ, गोपनीय, अनौपचारिक, ही चार त्याची व्रतं. संयुक्त राष्ट्रांत हे पद २००२ पासून आहे. पहिल्या ओम्बड्समन जमैकाच्या पॅट्रिशिया ड्युरंट. मध्यस्थीचा विभाग २००९ मध्ये जोडला गेला. युनिसेफसारख्या निधी आणि कार्यक्रमांतल्या लोकांचा ओम्बड्समन निराळा, निर्वासित संघटनेचा निराळा.

खवटताईंच्या चिडीला अर्धं उत्तर आहे. हे कार्यालय दरवर्षी महासभेला अहवाल देतं. त्यात नावं नसतात, पण कुठल्या प्रकारचे तंटे वाढलेत, कुठला नियम सगळ्यांना नडतोय हे असतं. चौथीला साहेबाचं नाव त्यातून कळणार नाही, हे मात्र खरंच.

आणि जुनं काय होतं ते सांगतो, म्हणजे नव्याची किंमत कळेल. माझ्या उमेदीत जॉइंट अपील्स बोर्ड असायचं. आपल्यातलेच सहकारी, आपलं काम सांभाळून, सवडीने, तक्रारी ऐकणार. ते नुसती शिफारस करणार. ती मान्य झाली नाही तर पुढे १९४९ चं जुनं ट्रायब्युनल. (अवांतर: त्या ट्रायब्युनलचे १९६८ ते १९७९ अध्यक्ष कोण होते माहीत आहे? आर. व्यंकटरामन. नंतर आपले राष्ट्रपती झाले ते.) प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळायची. २००६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने ही व्यवस्था कालबाह्य आणि कुचकामी आहे, स्वतंत्रही नाही, असं लिहून दिलं, आणि १ जुलै २००९ पासून नवी आली: न्यूयॉर्क, जिनिव्हा, नैरोबी इथे पगारी न्यायाधीश, वर अपील.

माझ्या ओळखीच्या एकाची तक्रार बोर्डापुढे होती. दर दुपारी आम्ही पॅलेसच्या, म्हणजे जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाच्या, बागेत फिरायचो. तिथे मोर आहेत, जमीन देणाऱ्याने मोर मोकळे फिरू द्यायची अट घातली होती म्हणून. हा दर वेळी म्हणायचा, माझ्या फायलीपेक्षा मोराला जास्त संरक्षण आहे.

पाटलाचा_पोर

काका, मोरावर स्वतंत्र धागा काढा. पण त्या माणसाचं काय झालं?

जिनिव्हाकर

निवृत्त झाला. फाईल त्याच्यानंतर.

कलमबहाद्दर

वकील आहे, पण हा माझा प्रांत नाही, थोडंफार वाचलंय तेवढंच लिहितो.

१. फिक्स्ड टर्म करार वाढेलच अशी कायदेशीर अपेक्षा धरता येत नाही, नियमातच तसं आहे. ताईंचा वकील मित्र 'केस होत नाही' म्हणाला ते बहुधा यावरून. पण संस्थेनं कारण दिलं असेल तर ते वस्तुस्थितीला धरून हवं, आणि आकसाने निर्णय घेतला असेल तर तो टिकत नाही. सात चांगली अप्रेझल आणि एक वाईट, एवढ्याने आकस सिद्ध होत नाही, पण प्रश्न विचारायला पुरेसं आहे.

२. त्या वाईट अप्रेझलवर हरकत घेतलीत का? संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात त्याला १४ दिवस असतात. तुमच्या संस्थेचे किती ते बघा. बहुतेक लोक इथेच चुकतात, 'कशाला वाढवा' म्हणून सही करून मोकळे होतात.

३. तुम्हाला स्वतंत्र वकील करायची गरज नसावी. कर्मचाऱ्यांना कायदेशीर मदत करणारं एक कार्यालय आहे, ओस्ला म्हणतात. पगारपत्रकात बघा, मूळ निव्वळ पगाराच्या ०.०५ टक्के कापले जात असतील, तुम्ही लेखी नको म्हटलं नसेल तर. लाखाला पन्नास रुपये. दोन वडापावांत न्यूयॉर्कचा वकील.

४. इव्हॅल्युएशनचा अर्ज आणि ओम्बड्समन ही दोन टोकं नाहीत. दोन्ही एकदम करता येतं.

सोनटक्का

पगारपत्रक बघितलं. कापतायत! नऊ वर्षं पगारपत्रक उघडतेय ते फक्त शेवटचा आकडा बघायला.

अप्रेझलवर हरकत घेतली नाही. एचआर म्हणाली होती... जाऊ दे.

खवट_मिरची

'एचआर म्हणाली होती' या नावाचा टी-शर्ट छापूया.

भाड्याचा_तज्ज्ञ

तुमचं भांडण श्रीमंतांचं आहे हो. मी सहा वर्षं याच कुटुंबात कन्सल्टंट. तीच खुर्ची, तोच गळ्यातला पट्टा, फक्त रंग वेगळा. आम्ही 'स्टाफ' नाही, म्हणून ट्रायब्युनल आमच्यासाठी बंद. करारात लवादाचं कलम आहे. चार महिन्यांच्या करारासाठी आंतरराष्ट्रीय लवादात कोण जातो? आमचा एकच अनौपचारिक मार्ग, पुढचं कंत्राट मिळेपर्यंत हसत राहणं.

वर्‍हाडी_ठेचा

तज्ज्ञभाऊ, तुमचं ऐकून वावरातल्या सालदाराची आठवण झाली. सालदाराले गुढीपाडव्यापर्यंत तरी हमी राह्यते.

निळी_शाई

मी एका ऑफिसात (संस्था वेगळी) सहकाऱ्यांनी निवडलेली 'रिस्पेक्टफुल वर्कप्लेस' सल्लागार होते तीन वर्षं. त्या अनुभवावरून सोनटक्काला एक नाजूक प्रश्न विचारू का? माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांच्या गोष्टीत एक ईमेल गाळलेला असायचा. साहेबाचे सगळे ईमेल छापून आणलेले, हायलायटर मारलेले. स्वतःचा एक नसायचा.

तुझ्या गोष्टीत पहिल्या महिन्यात काय झालं? 'जमलं नाही' एवढंच लिहिलंयस.

सोनटक्का

काही विशेष नाही. त्यांनी रात्री साडेअकराला 'तातडीचं' म्हणून ईमेल केला, मी सकाळी उत्तर दिलं.

निळी_शाई

सीसीमध्ये कोण होतं?

झंपूशेठ

पॉपकॉर्न संपले, दुसरी पिशवी आणली.

कागदी_घोडा

धाग्याला शंभर प्रतिसाद नक्की.

खवट_मिरची

निळी, हे बरोबर नाही. नोकरी तिची चाललीय आणि उलटतपासणीही तिचीच?

निळी_शाई

ट्रायब्युनलमध्ये असते तर म्हणाले असते, एक शब्द जास्त बोलू नकोस. पण तिचा प्रश्न ओम्बड्समनकडे जाऊ का असा आहे. त्या खोलीत हाच ईमेल सगळ्यात आधी टेबलावर येणार. इथे आला तर निदान टोपणनावाने येईल.

सोनटक्का *(अडीच महिन्यांनी)*

धागा वर आणतेय. जिनिव्हाकर काका, कलमबहाद्दर, मीरा, सगळ्यांनी विचारलं होतं, म्हणून इथेच लिहिते.

इव्हॅल्युएशनचा अर्ज ५१ व्या दिवशी गेला. ओस्लाच्या वकिलीणबाईंनी दोनदा माझा मसुदा परत पाठवला. पहिल्या मसुद्यात 'अपमान' हा शब्द अकरा वेळा होता आणि तारीख एकही नव्हती. त्याच आठवड्यात ओम्बड्समनशी व्हिडिओ कॉल केला, ऑफिसातून नाही, नवऱ्याच्या गाडीत बसून, पार्किंगमध्ये. बाईंनी तासभर ऐकलं. शेवटी मीराला विचारलं तसंच काहीसं विचारलं, सोमवारचं. मी हसले, त्यांना कळेना का ते.

मग मध्यस्थी ठरली. साहेबही तयार झाले, याचं मला आश्चर्य वाटलं. तडजोडीपुरती मुदत लेखी वाढवून मिळाली. (एचआरच्या बाईंना ते पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, अगं, असं पण असतं का?)

निळे, तुझ्यावर चार दिवस चिडून होते. सीसीमध्ये अकरा जण होते. साहेबांचे साहेब धरून. साहेबांना येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि मी लिहिलं होतं की 'या कार्यालयाची कामाची पद्धत आपल्याला अजून कुणी समजावलेली दिसत नाही.' इंग्रजीत आणखी वाईट वाटतं ते.

मध्यस्थीत दुसऱ्या तासाला साहेबांनी तो ईमेल काढला. छापील, चार घड्या पडलेला, पाकिटातून. दीड वर्षं पाकिटात! मला बोलताच आलं नाही. मग मी म्हटलं, ती माझी चूक होती, पण त्या एका ईमेलपायी तुम्ही माझे चार रिपोर्ट न उघडता शेरा मारलात. सर्व्हरवर दिसतं कोणी उघडलं ते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. 'दोन उघडले होते,' म्हणाले.

तिथून पुढे दोघंही जरा माणसासारखं बोललो.

मिळालं काय: त्याच पदावर करार नाही. दुसऱ्या युनिटमध्ये सहा महिन्यांची मुदत, वेगळ्या व्यक्तीच्या हाताखाली, आणि अप्रेझलला माझं म्हणणं जोडलं जाईल. बदल्यात इव्हॅल्युएशनचा अर्ज मागे. माफी वगैरे नाही, कुणाचीच कुणाला.

कलमबहाद्दर

अभिनंदन. सही झालेली प्रत जपून ठेवा. मध्यस्थीने मिटलेला वाद ट्रायब्युनलमध्ये पुन्हा उघडता येत नाही, पण त्यांनी कराराप्रमाणे केलं नाही तर अंमलबजावणीसाठी जाता येतं. त्यालाही ९० दिवसांची मुदत आहे.

सोनटक्का

हो, या वेळी तारीख कॅलेंडरवर घातलीय. घरच्या. कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.

खवट_मिरची

सहा महिन्यांनी काय?

सोनटक्का

माहीत नाही गं. अर्ज करतेय इकडेतिकडे.

खवट_मिरची

आणि पुढच्या चौथीला त्या साहेबाचं नाव कळणार नाहीच.

सोनटक्का

नाही कळणार. गोपनीयतेच्या कलमावर मीही सही केलीय. त्यावर रात्री कधीकधी जाग येते.

जिनिव्हाकर

ताई, नव्या युनिटमध्ये पहिले तीन आठवडे सीसीचं बटण दाबू नका.

झंपूशेठ

आणि दाबलंच तर आम्हालाही घाला, बारावे आम्ही.